खालून वर वाचायची खिडकी

नमस्कार मंडळी. चर्चमधल्या रंगीत काचा आपण सगळ्यांनीच बघितल्यात, निदान सिनेमात तरी, आणि बहुतेक वेळा "वा, काय रंग आहेत" म्हणून फोटो काढून पुढे गेलोय. आज एकाच खिडकीसमोर जरा थांबूया. ही खिडकी फ्रान्समधली, पॅरिसपासून साधारण ८०-९० किलोमीटरवर शार्त्र नावाचं गाव आहे तिथल्या कॅथेड्रलमधली. ११९४ साली तिथे मोठी आग लागली, चर्चचा बराचसा भाग जळाला, मग परत बांधताना तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बहुतेक काचा बसल्या. त्यातल्या बऱ्याचशा आजही जागेवर आहेत, कारण १९३९ला युद्ध येतंय म्हटल्यावर लोकांनी त्या उतरवून सुरक्षित ठेवल्या आणि नंतर परत चढवल्या.

तर ही खिडकी चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या माणसाची, इंग्रजीत 'गुड समॅरिटन'. गोष्ट येशूने सांगितलेली. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या माणसाला लुटारू गाठतात, मारून अर्धमेला करून टाकतात, याजक, म्हणजे यहुद्यांचा पुरोहित, बघतो आणि बाजूने निघून जातो, लेवी, म्हणजे मंदिरातला सेवेकरी, पण तसाच जातो, आणि ज्या शोमरोन्यांशी यहुद्यांचं अजिबात पटत नसे त्यांच्यातलाच एक जण थांबतो, जखमा बांधतो, उचलून उतारशाळेत, म्हणजे वाटेवरच्या धर्मशाळेसारख्या जागी, नेतो.

ही खिडकी वाचायची खालून वर. अगदी तळाला कोण, तर जोडे शिवणारे कारागीर, कामात गढलेले, खिडकी त्यांनीच दिली असं मानतात. (रस्त्याने चालणाऱ्या माणसाची गोष्ट आणि खाली जोडे, मला तर हे फारच आवडतं.) मग शोमरोन्याची गोष्ट एकेक चित्र करत वर चढते आणि संपते, पण खिडकी अजून कितीतरी शिल्लक असते! तिथे एकदम आदाम आणि हव्वा, बायबलमधले पहिले स्त्री-पुरुष. देवाने मनाई केलेलं फळ खाल्लं, एदेन बागेतून हाकललं, पुढे त्यांच्या मुलाने, काइनाने, भाऊ हाबेलाला मारलं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल दोन खिडक्या चुकून एकत्र जोडल्या की काय.

पण तीच तर गंमत आहे. ऑगस्टीनसारखे जुने धर्मगुरू ही गोष्ट अशी उलगडायचे की यरुशलेम सोडून निघालेला माणूस म्हणजे आदाम, म्हणजे आपण सगळेच, त्याला लुटणारा सैतान, याजक आणि लेवी म्हणजे जुना करार (बायबलचा येशूच्या आधीचा भाग), ज्याच्याने तो वाचला नाही, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे चर्च. आणि सगळ्यात वरच्या टोकाला बघा, ख्रिस्त बसलाय.

लोक म्हणतात ना, या काचा म्हणजे निरक्षरांचं बायबल, ते मला काही पूर्ण पटत नाही. एक तर कितीतरी चित्रं इतकी उंचावर आहेत की दुर्बीण लागेल, आणि दुसरं म्हणजे आदाम इथे का आलाय हे कोणी सांगितल्याशिवाय कळणारच नाही. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीसारखं आहे हे, चित्र समोर धरलेलं असतं पण गोष्ट सांगणारा बाजूला पाहिजेच. प्रवचन ऐकायचं आणि मग मान वर करून बघायचं.

त्याच चर्चच्या दक्षिण बाजूच्या काचांत तर जुन्या करारातले चार संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, उभे आहेत, यशया, यिर्मया, यहेज्केल, दानीएल, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक शुभवर्तमानकार, म्हणजे नव्या करारात येशूचं चरित्र लिहिणारा, बसलाय. लूक यिर्मयाच्या खांद्यावर, मत्तय यशयाच्या. अगदी जत्रेत बापाच्या खांद्यावर पोर बसतं तसं! नवा करार जुन्याच्या खांद्यावर, म्हणून लांबचं दिसतं. मधोमध येशूची आई मरीया, कडेवर बाळ. आणि ऊन काचेतून आत येतं पण काच तडकत नाही, हीच उपमा तेव्हाचे लोक तिच्या कुमारी-मातृत्वाला देत. म्हणजे खिडकी तर बोलतेच, पण तिच्यातून येणारं ऊनसुद्धा काहीतरी सांगत असतं.

फ्रान्स लांब आहे, मान्य. पण मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च जवळ आहे, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या आठवणीत बांधलेलं, १८५८चं, तिथल्या पूर्व-पश्चिमेच्या काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्सने केलेल्या. बाहेरून बघाल तर काळपट, मळकट वाटतील, रंग सगळा आतल्या माणसासाठी. जाणार असाल तर सकाळी जा, पूर्वेच्या खिडकीला तेव्हाच ऊन मिळतं.