घरात फोडणीचा वास येऊ द्या

नमस्कार मंडळी. आज कॅन्सरबद्दल बोलायचंय, पण गाठ, किमो, शेक म्हणजे रेडिएशन, याबद्दल फार नाही, ते डॉक्टर सांगतातच. आज पेशंटच्या मनाचं बोलू, आणि त्याच्याबरोबर हॉस्पिटलच्या खेपा घालणाऱ्या घरच्यांच्या मनाचं. मी हॉस्पिटलात सोशल वर्कर आहे, म्हणजे योजनेचे कागद, रक्ताची सोय, धर्मशाळेची चिठ्ठी असली कामं, आणि ते करता करता लोक जे बोलतात ते ऐकायचं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते आणि पुन्हा पण सांगणार आहे, कारण रेडिओ ऐकताना नेमकी कुकरची शिट्टी होते आणि कामाचं वाक्य निसटतं. कॅन्सर कळल्यावर रडू येणं, झोप उडणं, चिडचिड होणं हे होणारच, त्यात काही विचित्र नाही. पण सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ माणूस उदास असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगायचं. दोन आठवडे, लक्षात ठेवा. त्याला डिप्रेशन म्हणतात, तो आजार आहे आणि त्याच्यावर उपचार आहेत. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०११ मध्ये झाला होता, त्यात कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या साधारण सहा जणांत एकाला डिप्रेशन दिसलं. घरच्यांना किती होतं ते कोण बघतंय, त्यांच्या नावाची फाईलच नसते.

आता तात्यांची गोष्ट सांगते. नाव बदललंय, गाव सांगत नाही, तासगावकडचे द्राक्षबागायतदार एवढंच धरा. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की मी सुरुवात केली की आमच्या सिस्टर ट्रे उचलून निघून जातात.

तात्या साठीच्या पुढचे. आयुष्यभर तंबाखू, गालाच्या आत चट्टा, त्याचा कॅन्सर. अर्धा जबडा काढला, लोक त्याला कमांडो ऑपरेशन म्हणतात, आणि मग सहा आठवडे शेक. नाकातून नळी, खाणं सगळं नळीतून, पेज, दूध, गाळून घेतलेलं वरण. बोललेलं कुणाला कळायचं नाही म्हणून नातीची पाटी गळ्यात अडकवलेली. पहिले दिवस भरपूर लिहायचे हो, बागेला पाणी सोडलं का, छाटणीची माणसं आली का, डॉक्टरांचं लग्न झालंय का. आणि मग एकदा तपासणीला आले तर पाटी कोरी. डॉक्टर विचारतात तात्यांना आणि उत्तर देतोय मुलगा. झोप कशी आहे, बरी आहे. दुखतंय का, नाही. तात्या फरशीकडे बघतायत.

(जाता जाता सांगते, हे आमच्याकडे सर्रास चालतं. पेशंट पन्नाशीचा असो नाहीतर ऐंशीचा, बोलणार मुलगा नाहीतर जावई. बायको पेशंट असेल तर मग विचारूच नका, तिला काय होतंय हे पण नवराच सांगणार.)

तात्यांच्या बायकोकडे माझं लक्ष गेलं. ब्लाऊजच्या बाह्या सैल झालेल्या, डोळे खोल गेलेले. मी आपलं सहज विचारलं, मावशी, आज काय खाल्लं तुम्ही? तर बाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडायलाच लागल्या. मग हळूहळू बाहेर आलं.

झालं होतं असं की तात्या खाण्याचे भारी शौकीन. रविवारी सुकं मटण, लसणाची चटणी, कांदा भाजल्याचा वास आला की बांधावरून घरी यायचे. आता नळी लागल्यावर सुनेनं विचार केला, पोरगी प्रेमळ हो, की ह्यांना वास येणार आणि खाता येणार नाही, केवढा छळ तो. म्हणून घरातला गॅस बंद. सगळा स्वयंपाक दोन घरं सोडून चुलत सासूच्या घरी. तिथून झाकलेले डबे मागच्या दारानं यायचे, आणि घरातली सगळी माणसं गोठ्यात उभ्याउभ्या खाऊन घ्यायची, तात्यांना भांड्याचा आवाज पण जायला नको. तात्यांची पेज पण तिकडूनच यायची. मावशी तर तिथंही जेवत नव्हत्या, म्हणाल्या, त्यांच्या पोटात नळीनं जातंय आणि मी भाकरी मोडू व्हय?

हे सगळं त्या तात्यांच्या समोर बोलत होत्या, मुलगा खुणा करतोय, आई गप, आई गप. आणि तात्यांनी मान वर केली. पाटी घेतली, लिहायला लागले, हात थरथरत होता. मला वाटलं चिडलेत. पाटी माझ्याकडे वळवली. लिहिलं होतं, "मला वाटलं माझं सुतक धरलंय."

आता तुम्हाला सांगायला नको. ज्या घरात माणूस गेलेलं असतं तिथं चूल पेटत नाही, भाऊबंद शेजारपाजारचे पिठलं-भाकरीचे डबे आणून देतात. तात्या सोप्यात कॉटवर पडून रोज तेच बघत होते. घरात फोडणी नाही, भांडं वाजत नाही, सगळे कुजबुजतात, मागच्या दारानं डबे येतात. त्यांचा हिशोब सरळ होता, डॉक्टरनं ह्यांना सांगितलंय, मला सांगत नाहीत, आपण संपलो. कॅन्सरची गाठ तर निघाली होती हो, रिपोर्ट चांगला होता! पण तो रिपोर्ट मुलाच्या खिशात आणि तात्यांना दिसतायत ते डबे.

कुणी काहीच बोलेना. सून भिंतीला टेकून उभी होती ती रडता रडता हसायला लागली. तात्यांनी तळहातानं पाटी पुसली आणि परत लिहिलं, "फोडणी दे. वास तरी येऊ दे." आणि खाली बारीक अक्षरात, "लसूण जास्त."

आमच्या सिस्टर स्वतः ही गोष्ट सांगतात तेव्हा इथंच थांबतात कारण त्यांना हा शेवट आवडतो. पण पुढचं पण ऐका. त्याच दिवशी मनाच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मुलाला बाहेर बसवलं आणि तात्यांना सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का, काही करून घ्यावंसं वाटतं का? तात्यांनी मान हलवली, हो. रात्री दोनदा फवारणीच्या औषधांच्या खोलीपर्यंत जाऊन आले होते आणि घरात कुणाला पत्ता नाही. असं थेट विचारलं की माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो अशी भीती लोकांना वाटते, तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्या संध्याकाळीच मुलानं खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली चुलत्याकडे दिली. एकट्याला सोडायचं नाही असं ठरलं. गोळी सुरू झाली, मनाच्या डॉक्टरांकडे दर आठवड्याला जाणं सुरू झालं. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त पण लागतात, त्यामुळे आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानंही बंद करू नका. काही महिन्यांनी तात्या परत मरगळले तेव्हा रक्त तपासलं तर थायरॉईड कमी निघालं. मानेला शेक दिल्यावर थायरॉईड असं कमी होऊ शकतं आणि ते दिसायला डिप्रेशनसारखंच दिसतं, म्हणून ती तपासणी मागून घ्या. आणि मावशींची बीपीची गोळी कधीच बंद पडली होती, ती पण सुरू केली.

बघा, गोष्टीत वेळ गेला. बाकीचं पटकन सांगते.

वजन घटणं, थकवा, झोप न येणं हे कॅन्सरमुळे पण होतं आणि औषधांमुळे पण, किमोच्या बरोबरीनं देतात त्या स्टेरॉइडनं तर झोप उडतेच. म्हणून फक्त त्यावरून ठरवू नका. माणूस काय बोलतो ते ऐका. मी ओझं झालोय, माझ्यामुळे सगळे बरबाद झाले, आता कशाला पैसा घालताय, नातवंडं आली तरी तोंड फिरवणं, ह्या खुणा. घरी करता येईल अशी एक सोपी पद्धत म्हणजे शून्य ते दहा विचारायचं. आज मनाला किती त्रास आहे? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. कॅन्सर हॉस्पिटलांत पण असंच विचारतात आणि चार किंवा वर आलं की पुढची चौकशी करतात. चार किंवा वर. बोलता येत नसेल तर बोटं दाखवू द्या.

स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन नावाची गोळी चालू असलेल्या बायकांनी मनाच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. डिप्रेशनच्या काही गोळ्या, जशा पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचं काम अडवू शकतात. दुसऱ्या चालणाऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टर बदलून देतील, आपल्या आपण थांबवू नका.

पैशाचं पण बोललं पाहिजे, अर्धी काळजी तीच असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, किमो, शेक बसतात, हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे या योजनेचं काम बघणारा माणूस असतो, त्याला भेटा. पण गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि परळला टाटाला गेलात तर मुंबईत राहणं, याचा बोजा येतोच. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळमध्ये नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, तिथं चौकशी करा, फुटपाथवर झोपायच्या आधी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला गाठा, आम्ही त्यासाठीच बसलोय.

आणि भेटायला जाणाऱ्यांनो, शहाळं न्या, हरकत नाही, पण "पॉझिटिव्ह राहा" एवढं म्हणून उठू नका. त्या माणसाला वाटतं रडलो तर गाठ वाढेल. असं काही नसतं, रडू द्या. माझ्या ओळखीतल्या अमक्याला हेच झालं होतं आणि तो गेला, हे तर मुळीच नको. आणि माझं स्पष्ट मत आहे की हॉस्पिटलच्या वेटिंगमधले न्यूज चॅनलवाले टीव्ही बंद करून टाकावेत, आधीच माणसं घाबरलेली आणि वर तो आरडाओरडा. त्यापेक्षा रेडिओ लावा, हे मी माझ्या फायद्याचं बोलतेय ते जाऊ दे.

परत एकदा. दोन आठवडे उदास किंवा कशातच मन नाही, तर डॉक्टरांना सांगा. जीव द्यायची भाषा आली तर दोन आठवडे पण थांबू नका, त्याच दिवशी न्या, फवारणीची औषधं कुलपात घाला. आणि टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा, तिचा नंबर लिहून घ्या, १४४१६. एक चार चार एक सहा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण चालतो, मराठीत बोलता येतं. फोन पेशंटनंच केला पाहिजे असं नाही, बायको, मुलगा, सून कुणीही स्वतःसाठी करू शकतं. एक चार चार एक सहा. नमस्कार.