बावचीची पुडी

(सकाळ. महाद्वार रोड. शटर वर जातायत.)

कोल्हापुरात काष्ठौषधीचं दुकान शोधायला मॅप लागत नाही, नाकानं जायचं. अंबाबाईच्या देवळातनं बाहेर पडलं की आधी कापूर-कुंकवाचा वास, मग कुठंतरी भजी तळायला लागलेत त्याचा, आणि मधेच एक कडवट, धुळकट वास, वेखंड नागरमोथा वावडिंग सगळं एका पोत्यात कोंबल्यासारखा. तिथं थांबायचं. आपल्याला हवंय ते वरच्या फळीवरच्या बरणीत आहे. बावची.

हे बघा, तळहातावर घेतलीय. मसुरापेक्षा बारीक, काळपट, चपटी, जराशी वाकलेली, आणि चोळली की बोटाला चिकटते. चव घेऊ नका, मी घेतलीय, दोन कप चहानंसुद्धा जाईना.

आता ह्या एवढ्याशा बीमागं कॅमेरा घेऊन मी का फिरतेय, तर आमच्या वैनींमुळं. वैनींनी चाळिशीत रेटिनॉलचं सीरम मागवलं. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं, कातडीच्या पेशी भराभर बदलायला लावतं, आत कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, तयार व्हायला मदत करतं, सुरकुत्या खरंच कमी होतात, ती काय फेकाफेकी नाही. पण ते आठवड्यातनं दोन रात्री असं हळूहळू सुरू करायचं असतं आणि आमच्या वैनींनी पहिल्या दिवसापासनं रोज, ते पण सढळ हातानं, भाकरीला तूप लावावं तसं. आठवड्यात नाकाच्या बाजूनं कांद्याचा पापुद्रा निघावा तशी साल निघायला लागली, साधं पाणी मारलं तरी चुरचुर.

मग एक रील आली. बावची म्हणजे देशी रेटिनॉल, एकदम नॅचरल, साइड इफेक्ट झिरो. वैनी इथनं पुडी घेऊन गेल्या, मिक्सरला फिरवली, सायीत कालवली, तोंडाला फासली, आणि धुवून झाल्यावर गच्चीवर सांडगे घालायला गेल्या. एप्रिल महिना. संध्याकाळी तोंड लालबुंद, दोन दिवसांत फोड, आणि त्याचे काळे डाग दिवाळी उजाडली तरी पुरते गेले नाहीत.

झालं काय, तर बावचीत सोरालेन नावाचं रसायन असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. वैद्य लोक पिढ्यान्‌पिढ्या कोडावर बावची देतात ती ह्याच गुणासाठी, लेप लावून मोजकं ऊन घ्यायला सांगतात, म्हणजे तिथं ऊन हाच औषधाचा अर्धा भाग. त्वचेच्या डॉक्टरांची सोरालेन आणि अतिनील किरणांची ट्रीटमेंट पण त्याच तत्त्वावर चालते. वैनींनी नकळत कोडाचा उपचार केला, कोड नसताना.

आणि गंमत अशी की रील पूर्ण खोटी पण नव्हती! ह्याच बीत दुसरा एक पदार्थ असतो, बाकुचिओल. नाव कुठनं आलं ते ऐकूनच कळतं, संस्कृतातली बाकुची. हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला तो आपल्या पुण्यात, एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, शास्त्रज्ञांनी, १९६६ साली. क्रीमवाल्यांचं लक्ष बऱ्याच वर्षांनी गेलं. २०१९ साली ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत एक चाचणी छापून आली, ४४ जण, १२ आठवडे, काहींना ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातनं दोनदा, काहींना ०.५ टक्के रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडं सारखेच उतरले, पण साल निघणं, चुरचुरणं रेटिनॉलवाल्यांना जास्त. ४४ माणसं म्हणजे आमच्या गल्लीतल्या मंडळाची कमिटी, लई मोठा आकडा नाही, तरी ऐकण्यासारखं आहे. फक्त ते क्रीममधलं बाकुचिओल शुद्ध करून घेतलेलं असतं, सोरालेन बाजूला काढून. हे काम मिक्सरमध्ये होत नाही.

(उसाचा फड. गुऱ्हाळाचा धूर.)

झाडाचं आहे म्हणजे सौम्यच, हे डोक्यातनं काढा. उसाचंच बघा की. सुरकुत्यांच्या क्रीममधलं ग्लायकोलिक ॲसिड उसाच्या रसातपण असतं, म्हणून बाटलीवर ऊस छापतात, पण जादा टक्क्याचं लावलं तर तोंडाची आग आग होते, गुळाचा गोडवा तिथं कामाला येत नाही. आणि लिंबू! लिंबाच्या सालीत सोरालेनचे भाऊबंद असतात, लिंबू चोळून उन्हात गेलं तर बावचीसारखंच भाजतं. ज्येष्ठमध बरा, ग्रीन टी बरा, ओल्या बांधाला वाढणारी मंडूकपर्णी तर चिडलेली कातडी शांत करायला चांगलीच, पण तीही क्रीममधली घ्या, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. गरोदर असाल तर रेटिनॉल नकोच, आणि बाकुचिओलचंही डॉक्टरांना विचारून.

खरं सांगू, सुरकुत्यांवरचं आपल्याकडचं भारी काम स्कूटीवरच्या पोरी करतात. राजारामपुरीत दुपारी बघा, डोळे सोडून सगळं स्कार्फात. ऊनच कातडीला लवकर म्हातारं करतं. वरनं सनस्क्रीन लावलं की निम्मं काम तिथंच झालं.

(पुन्हा दुकान.)

शूटिंग चालू असतानाच एक ताई आल्या. "मामा, बावची द्या पन्नास ग्रॅम."

मामांनी बरणीवरचा हात तसाच ठेवला. "कुठं लावणार?"

"चेहऱ्याला."

"मग न्हाई मिळत."

ताई म्हणाल्या, अहो नॅचरल आहे की ते. मामा काही बोलले नाहीत. माझ्या शेजारी वैनी उभ्या होत्या, त्यांनी स्कार्फाची गाठ सोडली आणि उजवा गाल त्या ताईंच्या पुढं केला.