धूळ खाणारी रोपं

मघाशी येताना रस्त्याच्या कडेची रोपं बघितलीत का? पान हिरवं आहे हे बोटानं पुसल्याशिवाय कळत नाही. आज मला तेवढ्यावरच बोलायचंय, मोठ्या झाडांवर नाही, दोन-तीन वर्षांच्या रोपांवर, कारण मरतात ती हीच आणि आपण म्हणतो पाणी कमी पडलं असेल.

आपला चंद्रपूर जिल्हा म्हणजे कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, कोरपना-राजुऱ्याकडे सिमेंट कारखाने. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं होतं. पण सगळी धूळ सारखी नसते बरं का. कोळशाची काळी, ती पानावर बसली की पान तापतं. आणि सिमेंटची, ती मला जास्त भीतीची वाटते. तिच्यात चुना असतो, थंडीत पहाटे दव पडलं की ती भिजते, ऊन आलं की वाळते, असं रोज होऊन होऊन पानावर पापुद्रा धरतो, अगदी घराला गिलावा करतो तसा. तो साध्या पावसानं निघत नाही. शिवाय भिजलेल्या सिमेंटचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, १२ च्या आसपास जातो, म्हणजे अगदी जळजळीत अल्कली, गवंडीकाम करणाऱ्यांची बोटं कशी फुटतात बघा, पानाची साल तर किती पातळ.

आता कुणी म्हणेल आंब्याची पर्णरंध्रं, म्हणजे पान श्वास घेतं ती बारीक छिद्रं, पानाच्या खालच्या बाजूला असतात, धूळ तर वर बसते, मग? बरोबर आहे, वर बसते ती उजेड अडवते, म्हणजे पानाचा स्वयंपाकच कमी होतो. पण ट्रक गेला की धूळ जमिनीवरून उसळते, वीस फुटी झाडाच्या शेंड्याला ती कमी लागते, गुडघ्याएवढ्या रोपाला खालून-वरून सगळीकडून लागते. बारीक कण रंध्राच्या तोंडात अडकले की काही रंध्रं बुजतात, काही नीट मिटतच नाहीत, मग त्यातून पाणी जात राहतं. मोठ्या झाडाची मुळं खोल असतात, ते कुठून तरी ओढून घेईल, रोपाची मुळं वीतभर, त्यानं आणायचं कुठून? आणि पानं तरी किती, दहा-बारा, त्यातली चार पिवळी पडून गळली म्हणजे तिसरा हिस्सा गेला.

अजून एक. साग उन्हाळ्याआधी जुनी पानं टाकून देतो, म्हणजे मळका सदरा फेकला आणि नवा घातला. जांभूळ, आंबा सदाहरित, तेच पान महिनोन्महिने वागवतात. तरी सागाचंही सोपं नाही, त्याचं पान खरखरीत आणि खालून लवदार, धूळ पकडायला एकदम पक्कं.

मला मनापासून वाईट वाटतं ते याचं की कारखान्याभोवती हरितपट्टा आपण लावतो तो धूळ अडवायला, आणि लावतो जुलैत, चार महिने पावसानं पानं धुतली जातात, मग नोव्हेंबर ते जून ते लेकरू एकटं धूळ खातं. राज्यात २०१९ ला ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं, किती लावली हे सगळ्यांना पाठ असतं. मला रोपाचं पान बघायचंय. आधी धूळ चिमणीवर, माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, ट्रकच्या ताडपत्रीखाली अडली पाहिजे, ते काम रोपाचं नाही.

तोवर तुम्ही एक करा. या डिसेंबरात एकाच ओळीतली, एकाच जातीची वीस रोपं निवडा. दहांना मुळाशी पाणी घालाल तेव्हा पानांवरही फवारा, वरून आणि खालून, आठवड्यातून एकदा, पापुद्रा धरायच्या आत. दहांना फक्त मुळाशी घाला, पण पाणी दोघांना मोजून सारखंच, फवाऱ्याचं धरून. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी पालवी आली की दोन्हीकडची पानं आलेखाच्या कागदावर ठेवून कडा आखा, चौकोन मोजा, आणि तो कागद घेऊन माझ्याकडे या.