उंदराला आठवतं, दुकानदाराला का नाही?

आवाज मागपर्यंत येतोय ना? पंखा बंद केला तर अजून नीट येईल, पण मे महिन्यात पुण्यात पंखा बंद करायला लावणाऱ्या वक्त्याला परत कोणी बोलवत नाही, तेव्हा चालू दे. पत्रिकेत विषय छापलाय 'मेंदूतल्या लयी आणि बाजारातले भाव', त्यावरून पहिल्या रांगेतल्या काकांनी मला दारातच विचारलं, ध्यान केल्याने शेअर कळतात का. नाही काका, कळत असते तर मी इथे श्रीफळ आणि पाकिटासाठी आलो नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातला दुकानदार विसराळू आहे, काल समोरच्याने काय केलं ते त्याला आज आठवत नाही. त्याला स्मरणशक्ती दिली की सगळं गणितच बदलतं, आणि स्मरणशक्ती म्हणजे नेमकं काय ते बघायचं तर उंदराकडे जावं लागतं.

फ्रेंच गणितज्ञ कूर्नो यांनी १८३८ च्या पुस्तकात दोन विक्रेत्यांचं गणित मांडलं, तुम्हाला माहितीच आहे, किती माल काढायचा हे विक्रेते ठरवतात आणि भाव बाजारात ठरतो. त्यावर बर्त्राँ या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाचं परीक्षण आलं १८८३ मध्ये, तोवर कूर्नो जाऊन सहा वर्षं झालेली. आपल्याकडे परीक्षण निदान लेखक हयात असताना येतं, भले न वाचता लिहिलेलं असो. बर्त्राँचं म्हणणं असं की विक्रेते भावच ठरवतात, आणि मग दोघंच असले तरी एकमेकांच्या खाली जात जात भाव खर्चाला टेकतो, नफा शून्य.

आता हे मी स्वतः पाहिलंय. एम.ए.ला होतो तेव्हा अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका गल्लीत समोरासमोर दोन झेरॉक्सवाले होते. भाव रुपयाला एक पान. एके दिवशी डावीकडच्याने वहीच्या पुठ्ठ्यावर मार्करने ९० पैसे लिहून टांगलं, दुपारपर्यंत उजवीकडे ८० लागलं, दुसऱ्या दिवशी ७५, मग ६५. सुट्टे कोणाकडेच नसायचे, त्यामुळे दहा पैशांची बचत पेपरमिंटच्या गोळीत मिळायची, आणि टोनर एवढा फिका मारायचे की समासातली पेन्सिलची खूण मजकुरापेक्षा ठळक दिसे. शेवटी डावा ५५ वर आला आणि रांग थेट रस्त्यावर. मशीन एकच, ते तापायचं, मालक म्हणायचा "दहा मिनिटं थांबा, गार होऊ दे". आणि इथे समोरच्याने काय केलं? अजून खाली गेला? छे. त्याने पुठ्ठा उलटा केला आणि लिहिलं, दीड रुपया! आम्ही हसलो, म्हणलं याचं डोकं फिरलंय. पण ज्यांचं सबमिशन पाचला होतं ते मुकाट्याने रस्ता ओलांडून गेले, त्यात मी पण, प्रबंधाच्या चार प्रती घेऊन. डाव्याने दोनच दिवसात १.४० केला आणि मग दोघं परत हळूहळू खाली. माझ्या रूम पार्टनरने आदल्याच आठवड्यात ५५ ने काम उरकलेलं, आणि तो आजही कुठल्याही लग्नात भेटला की हेच काढतो.

अर्थतज्ज्ञ एजवर्थ यांनी १८९७ मध्ये हेच सांगितलं होतं, की एकट्याच्या मशीनला सगळी रांग पेलत नाही, म्हणून भाव खर्चाला टेकून बसत नाही, खाली सरकतो आणि एकदम उडी मारतो. मास्किन आणि टिरोल या अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्ये ही उडी, विक्रेते आळीपाळीने भाव बदलतात अशा गणितात बसवली. ऑस्ट्रेलियात पर्थच्या पेट्रोल पंपांवर ही उडी वर्षानुवर्षं आठवड्याला एकदा दिसायची. रिक्षाचं कोणीतरी मागून म्हणालं, तो विषय काढू नका, तिथे मीटरचा दर सरकार ठरवतं आणि आपली अख्खी संध्याकाळ जाईल.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे', आणि दोनदा अधोरेखित. बरं, उंदीर.

पटापट. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, त्यातली ठराविक पेशी उंदीर ठराविक जागी आला की चेतते, हे ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवलं, २०१४ चं नोबेल त्यांना मोझर पतीपत्नींबरोबर मिळालं. उंदीर चालत असला की तिथे विजेची एक लाट उठत राहते, तिला थीटा लय म्हणतात, सेकंदाला साधारण आठ वेळा. दोन वाटा फुटतात तिथे तो थबकतो, तेव्हा पेशी आधी एका वाटेच्या पेटतात, मग दुसऱ्या, म्हणजे न जाताच दोन्हीकडे डोकावून येतो (जॉन्सन आणि रेडिश, २००७). खाऊ मिळाला, बसला, की लय बदलते, सेकंदाला दीडशे-दोनशेच्या वेगाच्या छोट्या लाटांचे झटके, म्हणजे रिपल, येतात, प्रत्येक सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा, आणि त्यात आत्ताच चाललेल्या वाटेच्या पेशी उलट्या क्रमाने चेततात, खाऊपासून मागे मागे (फॉस्टर आणि विल्सन, २००६). फायदा झाला तो मागच्या कुठल्या पावलामुळे, याचा बहुधा हा हिशोब.

कंपनीला हिप्पोकॅम्पस असतो असं मी म्हणत नाहीये, उद्या कोणी तसं छापू नका. पण भाव ठरवणारे काही प्रोग्राम आता बक्षिसावरूनच, म्हणजे झालेल्या नफ्यावरून, शिकतात. काल्व्हानो या अर्थतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे प्रोग्राम एकमेकांसमोर बसवले, आठवण फक्त मागच्या फेरीतल्या भावांची, आपापसात बोलायची सोय नाही. तरी ते चढा भाव धरून बसायला शिकले. एकाला मुद्दाम भाव पाडायला लावला तर दुसऱ्याने लगेच पाडला, आणि मग दोघं हळूहळू वर. बर्त्राँच्या दुकानदाराला एवढी एका फेरीची आठवण असती तरी पुरली असती! आणि त्यात उंदरासारखी उलटी उजळणी जोडली तर हे किती लवकर शिकतील, हा माझा लाडका प्रश्न, तो आज राहिला.

आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३ करार शोधतं, निदान आपसातली समजूत तरी. इथे कोणी कोणाला फोन केला नाही, चहाला भेटलं नाही. म्हणून मला विचाराल तर स्पर्धा आयोगाने ईमेल चाळत बसण्यापेक्षा प्रोग्राम प्रयोगशाळेत आणावेत, एकाचा भाव मुद्दाम पाडावा आणि समोरचा किती दिवस सूड धरतो ते मोजावं. उंदरावर हे करता येतं तर यांच्यावर का... हो हो, थांबतो. प्रश्न घेऊ, पण प्रश्नच विचारा, भाषण अजून माझं शिल्लक आहे.