लांबचा प्रवास आणि चार्जिंगचे थांबे

श्रोतेहो, नमस्कार. विद्युत मोटार घेऊ पाहणारी माणसे पहिला प्रश्न विचारतात तो रेंजचा, म्हणजे बॅटरी पूर्ण भरली की गाडी किती किलोमीटर जाईल याचा. रोजच्या ये-जा करण्यापुरता तो प्रश्न ठीक आहे, कारण तेवढ्यासाठी लागणारी वीज गाडी रात्री उभी असताना भरून घेता येते. पाचसहाशे किलोमीटरच्या प्रवासात मात्र आपण केव्हा पोहोचणार हे रेंजइतकेच, किंबहुना थोडे अधिक, वाटेतल्या थांब्यांवर ठरते.

बॅटरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या वेगाने भरत नाही. जलद चार्जरवर साधारण १० टक्क्यांपासून ती भराभर वीज घेते. पण भरत आली की सेलचे, म्हणजे बॅटरीतल्या एकेका घटकाचे, व्होल्टेज कमाल मर्यादेजवळ पोहोचते, आणि तरीही तितकाच प्रवाह रेटला तर लिथियम सेलमधल्या ग्राफाइटच्या आत सामावण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते, ज्यामुळे बॅटरीचे कायमचे नुकसान होते. म्हणून गाडीची नियंत्रण यंत्रणा स्वतःच प्रवाह कमी करत जाते. कित्येक गाड्यांमध्ये १० ते ८० टक्के भरायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच वेळ शेवटच्या २० टक्क्यांना लागतो.

एक हिशेब मांडून पाहू. बॅटरी ६० युनिटची, म्हणजे ६० किलोवॉट-तासांची आहे, गाडीला १०० किलोमीटरला १८ युनिट लागतात आणि प्रवास ६०० किलोमीटरचा आहे असे धरा. पूर्ण भरून निघालो, तर ३०० किलोमीटरवर १० टक्के उरतील. तिथे थांबून बॅटरी पुन्हा काठोकाठ भरायची, तर सुमारे तासभर जाईल. त्याऐवजी तिथे ५५ टक्क्यांपर्यंतच भरून पुढे १५० किलोमीटरवर पुन्हा तेवढीच भरली, तर दोन्ही थांबे वीस-वीस मिनिटांत आटोपतात. महामार्गावरून आत-बाहेर करण्यात गेलेली मिनिटे धरूनही हा मार्ग लवकर पोहोचवतो, शिवाय चालकाला दोनदा विसावा मिळतो, आणि माझ्या मते हा लाभ वाचलेल्या मिनिटांहून मोठा आहे.

वेगाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी १०० ऐवजी १२० किलोमीटरने गेल्यास तो ४४ टक्क्यांनी वाढतो. वेगमर्यादेने परवानगी दिली, तर ३०० किलोमीटरच्या टप्प्यात या वेगाने अर्धा तास वाचेल. पण समजा, त्यासाठी १५ युनिट जास्त खर्च झाले, तर ८० किलोवॉटने ते ११-१२ मिनिटांत भरून निघतील आणि २५ किलोवॉटच्या चार्जरवर त्यांनाच ३६ मिनिटे लागतील. पुढचा चार्जर संथ असेल, तर सावकाश जाणाराच आधी पोहोचतो! चार्जरवर लिहिलेला आकडाही दर वेळी मिळेलच असे नाही: गाडीची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असू शकते, आणि काही ठिकाणी एकाच यंत्राच्या दोन गनांमध्ये, म्हणजे गाडीला जोडायच्या प्लगांमध्ये, वीज वाटली जाते.

थंडीत बॅटरी वीज हळू घेते, म्हणून ज्या गाड्यांमध्ये सोय आहे त्यांत पुढचे चार्जिंग स्टेशन नकाशात आधीच निवडावे, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत बॅटरी तापवून ठेवली जाते.

थांब्यांची आखणी कितीही नेटकी केली, तरी गन बंद असेल किंवा पुढे दोन गाड्या उभ्या असतील, तर ती कोलमडते. मला कळकळीने सांगावेसे वाटते ते हेच, की आणखी मोठ्या आणि जड बॅटऱ्यांच्या मागे लागण्यापेक्षा एकेका ठिकाणी अनेक गन असाव्यात आणि त्या चालू स्थितीत राहाव्यात, याची लांबच्या प्रवासाला जास्त गरज आहे. तोवर प्रवाशाने शक्यतो अनेक गन असलेली स्टेशने निवडावीत, निघण्यापूर्वी त्यांची ताजी स्थिती पाहून घ्यावी, आणि एक स्टेशन बंद निघाले तरी दुसऱ्यापर्यंत जाता येईल एवढी वीज शिल्लक ठेवावी. मागे कोणी ताटकळत असेल आणि आपली बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली असेल, तर पुढच्या टप्प्यापुरती वीज आहे ना एवढे पाहून गन मोकळी करून द्यावी.