आधी हँडल, मग सेल्फ

नमस्कार मंडळी. वर्षानुवर्षं एका जागी उभी असलेली जुनी गाडी परत चालू करायची म्हटलं की लोक सगळ्यात आधी काय करतात माहितीये? नवी बॅटरी आणतात, जोडतात आणि सेल्फ मारतात. तिथेच घात होतो. म्हणून आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल. आधी हँडल, मग सेल्फ. म्हणजे आधी गाडीच्या पुढून हँडल लावून इंजिन हाताने फिरवायचं, मगच बॅटरीवरचा सेल्फ-स्टार्टर मारायचा. हे मी अजून दोन-चार वेळा म्हणणार आहे, म्हणू द्या मला.

कारण सांगते. इंजिन बंद होतं तेव्हा त्यातला एखादा तरी व्हॉल्व्ह उघडा राहतोच, तिथून दमट हवा सिलिंडरमध्ये शिरते, भिंतीवरचं तेल तर केव्हाच खाली उतरून गेलेलं असतं, मग उघड्या लोखंडाला गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा आहेत तिथेच धरून बसतात. घरातलं शिलाई मशीन पाच वर्षं कोणी हात लावला नाही तर चाक कसं जड होतं, तसंच, फक्त इथे वर गंजाची भर. अशा इंजिनाला सेल्फने हिसका दिला की एकतर रिंग तुटते नाहीतर व्हॉल्व्हला ढकलणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, वाकतो. सेल्फला काही समजत नाही हो, तो आपला ओढत राहतो. हाताला समजतं. कुठे जड लागलं, कुठे अडलं, कुठे करकरलं, सगळं मनगटात येतं.

आता हे मी कुठे शिकले ते सांगते. आमच्या शेजारच्या काकांकडे एक मॉरिस मायनर होती, १९५८ची, ९४८ सीसीवाली. काकांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी गाडी मागच्या शेडमध्ये लावली, वर प्लास्टिकचं कापड टाकलं, आणि गाडी तिथे एकवीस वर्षं उभी राहिली. (प्लास्टिक कधीच टाकू नका बरं का. आतल्या आत गाडीला घाम सुटतो आणि पत्रा कुजतो. सुती कव्हर घाला, जुनी चादर घाला, पण प्लास्टिक नको.) काटेकोर मंडळी १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांनाच व्हिंटेज म्हणतात, त्या हिशोबात मायनर बसत नाही कारण ती आलीच १९४८ला, पण आपण घरात ज्या अर्थाने व्हिंटेज म्हणतो त्या अर्थाने आहेच की. ॲलेक इसिगोनिस नावाच्या माणसाने ती बनवली, त्यानेच पुढे १९५९ला मिनी नावाची छोटी गाडी काढली, आणि ह्या ९४८वाल्या मायनरमध्ये जे ए-सिरीज इंजिन आहे तेच मिनीतही गेलं. १९५१पासून २०००पर्यंत ते इंजिन बनत होतं. म्हणून त्याचे सुटे भाग आजही मिळतात.

तर काकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, अगं, एकदा हिचा आवाज ऐकायचाय. मी नवी बॅटरी घेऊनच गेले होते. काकांनी ती बघितली आणि म्हणाले, ती कोपऱ्यात ठेव, आज तिचं काम नाही. मग शेडच्या खुंटीवरून हँडल काढून माझ्या हातात दिलं. काळं पडलेलं, वाकडं, धरायच्या जागी घासून गुळगुळीत झालेलं. पहिली गोष्ट काय सांगितली, तर अंगठा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. आणि ओढायचं खालून वर. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटून जातो, अंगठा अडकला असेल तर मनगट मोडतं. मी म्हटलं, काका, अजून प्लगसुद्धा लावले नाहीत, झटका कुठून येणार? तर म्हणाले, सवय आजपासून लागू दे.

गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना ते बघितलं, हँडल लावलं, जोर दिला. काही नाही. भिंतीला जोर द्यावा तसं.

माझा भाचा होता बरोबर, नऊ वर्षांचा, त्याच्याकडे टॉर्च. प्लगच्या भोकातून उजेड टाकला तर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर तपकिरी रंगाचं कडं दिसलं, पिस्टनच्या बरोब्बर वर. गंज. बाकीचे तीन बऱ्यापैकी साफ होते. म्हणजे चारातल्या एकाने सगळ्यांना धरून ठेवलं होतं. (मुलांना टॉर्च धरायला द्या हो. पाना द्या, नट सोडवू द्या, हात काळे होऊ द्या. नट किती आवळला की पुरे हे कुठल्याही स्क्रीनवर शिकता येत नाही.)

मग ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं घेतलं आणि प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे सोडलं. हे मिश्रण सारखं हलवत राहायचं, नाहीतर दोन्ही वेगळे होतात, आणि ॲसिटोन भडकन पेटतं म्हणून दार सताड उघडं ठेवायचं आणि जवळपास आग नको. भोकांवर फडकं टाकलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हँडल. नाही. परत तेल. तिसऱ्या दिवशी हँडल, नाही, परत तेल. चौथ्या दिवशी मी एक लांब पाइप घेऊन गेले, हँडलला लावला तर दुप्पट जोर मिळेल म्हणून. काका खुर्चीवर बसले होते, तिथूनच म्हणाले, पाइप बाहेर ठेव. गंजलेल्या कडीवर तेल घालून आपण थांबतो ना, मग हिच्यावर कशाला जोर करायचा? आज फक्त तेल.

आज फक्त तेल. हे वाक्य मी पाचव्या दिवशीही ऐकलं.

सहाव्या दिवशी हँडल हललं. किती? बोटभर. एक बोटभर पुढे गेलं आणि थांबलं. मी काकांकडे बघितलं, ते म्हणाले, आता मागे घे. मागे बोटभर, पुढे बोटभर. मागे, पुढे. प्रत्येक वेळी केसभर जास्त. अर्ध्या तासाने हँडल पूर्ण फिरलं, आणि प्लगच्या भोकांतून ते तपकिरी पाणी फस्सकन माझ्या बाहीवर उडालं. भाचा ओरडला, ती श्वास घेतेय.

आणि इथेच मला वाटलं झालं काम, आता सेल्फ. काका म्हणाले, टॅपेट कव्हर काढ. व्हॉल्व्हवरचं झाकण ते, दोनच नट असतात त्याला. काढलं, आणि मी हळूहळू हँडल फिरवत राहिले आणि भाच्याने मोजलं. आठ व्हॉल्व्ह, सगळे खाली जातात आणि वर येतात का ते बघायचं. सात आले. एक खाली गेला तो खालीच राहिला, त्याचा पुशरॉड सैल होऊन डुगडुगत होता. त्या क्षणी जर मी सेल्फ मारला असता तर तो पुशरॉड जागा सोडून गेला असता, वाकला असता, पुढे काय काय झालं असतं मला विचारही करवत नाही. म्हणून पुन्हा सांगते, आधी हँडल, मग सेल्फ. त्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेच तेल सोडलं, हातोडीच्या लाकडी मुठीने टक टक केलं, फिरवलं, परत तेल, परत टक टक. दीड तास गेला. मग खट्ट आवाज करून तो वर आला.

बाकीची कामं भरभर सांगते, कारण वेळ कमी आहे आणि खरं सांगायचं तर ती कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला माहीत असतात. जुनं पेट्रोल सगळं काढून टाका. त्याला पेट्रोलचा वास येतच नाही, जुन्या व्हार्निशचा येतो, आणि कार्बोरेटरच्या वाटीत त्याचा चिकट तपकिरी थर बसलेला असतो तो खरवडावा लागतो. टाकी उतरवून धुवा. रबरी पाइप सगळे नवे घाला, जुना पाइप बाहेरून कितीही चांगला दिसला तरी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी परत कधी बराच काळ ठेवायची असेल तर टाकी अशीतशी अर्धी सोडून जाऊ नका. चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाचं, ऑइल काढाल तेव्हा आधी पाणी येईल, घाबरू नका, पाणी तळाशीच बसतं. ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटवर राखाडी पापुद्रा धरलेला असतो, तो बारीक कानसीने घासा आणि गॅप ह्या इंजिनाला ०.०१५ इंच, प्लगचा ०.०२५ इंच. रेडिएटरमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी खाली ओल दिसते का बघा. आणि ब्रेक! इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायला तयार झाली असं अजिबात नाही, ब्रेक पूर्ण उघडून बघितल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका.

बॅटरी जोडताना एक. मायनरला बॅटरीची प्लस बाजू बॉडीला असते, मायनस नाही. आजच्या गाड्यांच्या बरोब्बर उलटं. मी सवयीने उलटीच जोडायला निघाले होते, काकांनी हात धरला.

तर नवव्या दिवशी बॅटरी कोपऱ्यातून बाहेर आली. प्लग अजून बाहेरच, आणि तेव्हा पहिल्यांदा सेल्फ मारला, दहा सेकंद, थांबा, परत दहा सेकंद, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. तो विझला म्हणजे तेल वरपर्यंत पोचलं. मग प्लग लावले आणि चावी फिरवली.

आता ज्यांच्याकडे ही गाडी होती त्यांना माहीत असेल, चावी फिरवली की एस्यू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप टिक टिक टिक वाजतो, वाटी भरत आली की टिक... टिक... आणि भरली की गप्प होतो. वाजतच राहिला तर कुठेतरी गळतंय किंवा टाकी रिकामी आहे. आमचा पंप वाजलाच नाही. एकदम शांत. मी वायर बघायला लागले तर काका खुर्चीवरून उठले, चाचपडत बॉनेटपाशी आले, हात कुठेही न अडखळता थेट पंपावर गेला, आणि माझ्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेऊन त्याच्या मुठीने पंपाला एक हलका टोला दिला. आतले पॉइंट चिकटतात, त्यांना एवढंच लागतं. टिक टिक टिक टिक. नजर अधू झालेला माणूस, पण तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा असा काही झाला की मी टॉर्च दुसरीकडे वळवली.

टिक... टिक... आणि पंप गप्प झाला.

चोक ओढला, सेल्फ मारला. पहिल्यांदा नुसतं घरघर. दुसऱ्यांदा एक फट् आवाज आणि सायलेन्सरमधून उंदराच्या घरट्याचा कापूस बाहेर. तिसऱ्यांदा धरलं. तीन सिलिंडरवर, लंगडत, आणि धूर एवढा की शेड दिसेना. तो धूर आम्हीच ओतलेल्या तेलाचा, तो दहाएक मिनिटांत संपतो, फक्त तोवर नजर ऑइलच्या दिव्यावर ठेवायची, तो पेटला की त्याच क्षणी बंद. आमचा पेटला नाही. मिनिटाभराने चौथा सिलिंडरही लागला आणि आवाज एकदम गोल झाला. काका बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. पाणी नीट गरम झालं तसं त्यांनीच हात वर करून बंद करायला सांगितलं, आणि गरम आहे तोवरच ऑइल परत काढायला लावलं, कारण सुटलेला सगळा गंज त्यात असतो.

दुसऱ्या दिवशी गेले तर काका शेडच्या दारातच उभे होते, हातात हँडल. भाच्याला म्हणाले, चोक ओढून धर. मला म्हणाले, अंगठा. अर्ध्या फेरीत सुरू झाली.