बंद सुपरमार्केटच्या जागी मेक्सिकन दुकान: आत काय मिळतं आणि मक्याचं कुठलं पीठ घ्यायचं?

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमच्या चौकातल्या नव्या दुकानाची एक मिनिटाची क्लिप टाकली होती, आठवतंय? नुसती कोथिंबिरीची रास आणि मागे वाजणारा बँड. त्यावर इतके प्रश्न आले की आज सविस्तर बोलायलाच बसले. "ताई, तिथे फक्त मांसच मिळतं ना?", "इंग्लिश चालतं का?", "शाकाहारी माणसाने काय घ्यायचं?" आणि सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: "तिथून मक्याचं पीठ आणलं, भाकरी विचित्र लागली, का?" या शेवटच्या प्रश्नावर मी आज तीनदा बोलणार आहे. ठरवून तीनदा. कारण एकदा सांगून ते डोक्यात राहत नाही, हे मला कमेंट वाचून कळलंय.

आधी दुकानाबद्दल. मी डॅलसच्या एका उपनगरात राहते. आमच्या चौकात पूर्वी एक मोठं, नेहमीचं अमेरिकन सुपरमार्केट होतं. ते बंद पडलं आणि दोन वर्षं ती इमारत काचांना आतून कागद लावून तशीच उभी होती. पार्किंगच्या भेगांतून गवत आलं होतं. आता तिथे मेक्सिकन सुपरमार्केट उघडलंय. मोठ्या काचा आणि सरकती दारं तीच आहेत. आत शिरल्यावर उजवीकडे जिथे फुलांचा काउंटर होता, तिथे फरशीवर अजून त्याचा फिकट चौकोन दिसतो. त्या चौकोनाच्या बरोब्बर वर आता रंगीत कागदाच्या पिन्याता, म्हणजे मुलांनी वाढदिवसाला काठीने फोडायच्या खाऊ भरलेल्या बाहुल्या, लटकतायत.

हे फक्त आमच्याकडेच झालंय असं नाही. फ्लोरिडात हायलिया नावाचं शहर आहे, तिथे क्युबातून आलेली खूप माणसं राहतात. 2016 मध्ये विन-डिक्सी या नेहमीच्या अमेरिकन साखळीच्या तिथल्या एका दुकानाचं त्याच कंपनीने 'फ्रेस्को ई मास' हे हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेल्या गिऱ्हाइकांसाठीचं दुकान केलं आणि मग दक्षिण फ्लोरिडात तशी आणखी दुकानं काढली. आमच्या टेक्सासात एच-ई-बी ही केवढी मोठी साखळी. त्यांनी 2006 मध्ये ह्यूस्टनजवळच्या पॅसाडिनात 'मी तिएंदा' म्हणजे 'माझं दुकान' या नावाने अशाच गिऱ्हाइकांसाठी वेगळं दुकान उघडलं. आणि 'फिएस्टा' ही तशीच साखळी तर ह्यूस्टनमध्ये 1972 पासून आहे. 2020 च्या जनगणनेत टेक्सासमध्ये दर 100 माणसांमागे 39 माणसं हिस्पॅनिक होती. 1836 पर्यंत हा मुलूख मेक्सिकोचाच होता. त्यामुळे "हे लोक कुठून आले" हा प्रश्न टेक्सासमध्ये बसून विचारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग जुन्या सुपरमार्केटच्याच जागी का? तर किराण्याच्या दुकानाची इमारत दुसऱ्या कशालाच नीट बसत नाही. मागे ट्रक लागायचा धक्का, चालत आत जाता येईल एवढे फ्रीझर, मांस कापायच्या खोलीत जमिनीला निचरा, तेवढी वीज, तेवढं पार्किंग. हे सगळं नव्याने बांधायचं तर खर्च डोक्यावरून जातो, इथे ते आयतं मिळतं. पण मग दोन वर्षं जागा रिकामी का राहते? पुष्कळदा जुनी साखळी जाताना करारात अट घालून जाते, की इतकी वर्षं इथे दुसरं किराणा दुकान येता कामा नये. आपलं दुसरं दुकान चार मैलांवर असतं ना! गिऱ्हाईक तिकडे वळावं म्हणून इथली इमारत रिकामी ठेवायची. मला याचा मनापासून राग येतो.

का येतो ते सांगते. आमच्या समोरच्या अपार्टमेंटमध्ये एक आजी राहतात. वॉकर घेऊन चालतात, गाडी चालवत नाहीत. पूर्वी त्या रोज सकाळी त्या दुकानात जायच्या, दूध, दोन केळी, पाव. ते बंद झाल्यावर त्यांना दुधासाठी दोन बस बदलाव्या लागत. उन्हाळ्यात, डॅलसच्या उन्हाळ्यात! मी आठवड्याला त्यांना घेऊन जायचे, पण माणसाला रोजचं आपलं आपण आणण्यात जो मान असतो तो मी कुठून देणार? नवं दुकान उघडलं त्या दिवशी त्या लिपस्टिक लावून आल्या होत्या. स्पॅनिशचा एक शब्द येत नाही त्यांना. काही अडलं नाही.

आणि म्हणून ज्या दादांनी लिहिलं की "मेक्सिकन दुकान आलं म्हणजे एरिया उतरला," त्यांना मी उत्तर देणार आहे. दादा, एरिया उतरला तो दुकान बंद पडलं त्या दिवशी. दोन वर्षं अंधार होता तेव्हा तुम्ही काही लिहिलं नाहीत. आता संध्याकाळी तिथे दिवे असतात, आयाबाया मुलांना घेऊन फिरतात, आजी चालत दूध आणतात. आपलं पहिलं इंडियन स्टोअर या गावात उघडलं तेव्हा त्याच्या वासाबद्दल शेजारी काय बोलत होते ते मी ऐकलंय. तेच वाक्य आपण दुसऱ्याबद्दल बोलायचं? मला नाही जमणार.

बरं, आता पीठ. [तीन पाकिटं टेबलावर ठेवते]

ही तीन पाकिटं बघा. तिन्ही मक्याची आणि तिन्हींवर कणसाचं चित्र. पहिलं: मासा आरीना. लिहिताना सुरुवातीला एच आहे, पण उच्चार आरीना. आणि हो, मासा म्हणजे मासळी नाही. चार जणींनी विचारलंय, म्हणून सांगते. स्पॅनिशमध्ये मासा म्हणजे मळलेला गोळा, कणीक. हे टॉर्टियाचं, म्हणजे मेक्सिकन पातळ भाकरीचं पीठ. दुसरं: आरीना पान, व्हेनेझुएलाचं, शिजवून वाळवलेल्या मक्याचं, त्याच्या आरेपा, म्हणजे जाड गोल भाकऱ्या करतात. तिसरं: माइसेना. हे म्हणजे आपण घरी ज्याला कॉर्नफ्लॉवर म्हणतो ते, सूप दाट करायचं पांढरं स्टार्च. आणि आपल्याकडचं जे मक्याचं पीठ, पिवळं, रवाळ, भाकरीचं, ते या तिन्हींपैकी एकही नाही. समजलं? एकही नाही.

फरक कुठे पडतो? मासा आरीनाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन वरची सालं काढतात आणि मग दळतात. हो, चुना. पानाला लावतो तो, कोहळ्याच्या पेठ्याला ज्याची निवळी वापरतात तो. अशा मक्याला निश्तामाल म्हणतात आणि ही रीत युरोपातली माणसं तिकडे पोचायच्या कितीतरी आधीची आहे. चुन्यामुळे दाण्याचा धर्मच बदलतो. पिठाला चिकटपणा येतो, गोळा फाटत नाही. मक्यात अडकून बसलेलं एक जीवनसत्त्व मोकळं होऊन अंगी लागतं. युरोपने मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. मग उत्तर इटलीत आणि स्पेनमध्ये मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा आजार झाला. कातडी सोलवटायची, बुद्धीवर परिणाम व्हायचा, माणसं मरायची. धान्य तेच, मधली एक पायरी गाळली. म्हणून मी या पायरीसाठी एवढा जीव टाकते.

आता तुमच्या भाकरीकडे येऊ. तुम्ही मासा आरीना घेतलं, आपल्या सवयीने उकळतं पाणी ओतलं, आणि "चव विचित्र, चुन्यासारखी" असं लिहिलंत. अहो, ती चुन्याचीच चव आहे! पीठ खराब नव्हतं, ती त्याची ओळख आहे. त्याला कोमट पाणी पुरतं. वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, मळून पंधरा मिनिटं ओल्या फडक्याखाली. मग लिंबाएवढा गोळा, दोन प्लॅस्टिकच्या कागदांत दाबायचा, कडकडीत तव्यावर. भाकरीसारखं थापत बसायचं नाही. मी बार्शीची, ज्वारीची भाकरी थापत वाढले, माझा हात आपोआप थापायला जातो, पण हे पीठ थापायचं नाही, दाबायचं.

इंग्लिशबद्दल एका वाक्यात: चालतं. हातवारेही चालतात. मांसाच्या काउंटरला नंबरची चिठ्ठी घ्यायची, एवढं लक्षात ठेवा.

शाकाहारी मंडळींनी मात्र एक शब्द पाठ करायचा: मान्तेका. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. घोटलेल्या बीन्सच्या डब्यात पुष्कळदा असते, मैद्याच्या टॉर्टियात असू शकते, तामाले म्हणजे मक्याच्या पानात उकडलेल्या वड्यांत बहुतेक वेळा असते, बेकरीतल्या काही गोड पावांतही असते. मान्तेका व्हेहेताल लिहिलं असेल तर ती वनस्पती तुपासारखी, ती चालेल. मान्तेकिया म्हणजे लोणी. शंका आली तर विचारायचं, "सिन मान्तेका?" म्हणजे चरबीविना? काउंटरवरच्या बायका न कंटाळता सांगतात. मक्याच्या साध्या टॉर्टियात बहुतेक वेळा मका, पाणी, चुना एवढंच असतं, तरी पाकीट उलटून वाचा.

आता माझ्या आवडीचा भाग. गेल्या एकादशीला मी तिथे उभी होते आणि काउंटरजवळच्या बरणीत मला राजगिऱ्याची वडी दिसली. खरंच सांगते, मी दोनदा बघितलं. फुललेला राजगिरा, गुळाचा पाक, वर शेंगदाणे. तिकडे तिला आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद. मी एक तिथेच उघडून खाल्ली. चव अगदी आपल्या वडीची, जरा चिवट. मग मी दुकानभर नजर फिरवली आणि एकेक जुळत गेलं. राजगिरा मूळचा तिकडचा. बटाटा तिकडचा. रताळं तिकडचं. शेंगदाणा तिकडचा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा तिकडचा, दुकानात युका नावाने मेण लावून ठेवलेला असतो. हिरवी मिरचीसुद्धा तिकडचीच. म्हणजे भगर सोडली तर आपल्या उपवासाचं जवळजवळ सगळं ताट अमेरिका खंडातून आलंय! पोर्तुगिजांच्या काळात आलं, रुजलं, आणि आज देवाच्या उपवासाला चालतं. मग त्या दुकानात परकं वाटण्यासारखं काय आहे, सांगा.

पटापट सांगते, लिहून घ्या. व्हेरदोलागास म्हणजे आपली घोळाची भाजी, डाळ घालून करा. तामारिंदो म्हणजे चिंच, शेंगांसकट. हामाइका म्हणजे लाल अंबाडीची वाळवलेली बोंडं, आंबट सरबत होतं. पिलोन्सियो म्हणजे शंकूच्या आकाराचा गूळ, आमटीत चालतो, पुरणात जरा काळपट रंग येतो. चिक्कू मिळाला तर सोडू नका, तो मूळचा त्यांचाच. ठेच्याला सेरानो मिरची घ्या, हालापेन्यो नको, ती मांसल असते. वाळक्या मिरच्यांत ग्वाहीयो रंगाला, आर्बोल तिखटाला. मेथी, कढीपत्ता, गवार मिळत नाही, त्यासाठी इंडियन स्टोअरच.

आणि पीठ, तिसऱ्यांदा. एका मैत्रिणीने मुलाच्या वाढदिवसाला मंचुरियन केलं आणि कॉर्नफ्लॉवर समजून मासा आरीना कालवलं. रस्सा पिठल्यासारखा झाला, सगळ्याला ओल्या भिंतीचा वास. वीस मुलं जेवायची होती, मैत्रीण रडकुंडीला आली होती. म्हणून नाव विसरलात तरी पाकीट हातात घेऊन दाबून बघा. माइसेना चिमटीत कचकचतं, नव्या कापसासारखं. मासा आरीना मऊ दबतं, आणि उघडल्यावर नव्याने चुना लावलेल्या खोलीत शिरल्याचा वास येतो. पानला वास जवळपास नसतोच. [तिन्ही पाकिटं एकेक करून कॅमेऱ्याजवळ धरते] कचकच, चुना, काहीच नाही. दाट करायला, टॉर्टियाला, आरेपाला.

एक गोष्ट राहिली. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात टॉर्टियाचं यंत्र आहे. उघडायच्या दिवशी मी तिथे रांगेत होते. डोक्याला जाळी लावलेल्या एका मावशींनी पट्ट्यावरून येणारी गरम टॉर्टिया उचलली, वर मीठ भुरभुरलं, तळहातावरच तिची सुरळी केली आणि माझ्या मुलीच्या हातात दिली. आई स्वयंपाक करताना मला अशीच द्यायची, तूप-मीठ लावलेल्या पोळीची सुरळी, ताटं मांडायच्या आधी. मुलीने खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला. मावशींनी दुसरी दिली. पैसे घेतले नाहीत.

सकाळी नऊच्या सुमारास जा, तेव्हा यंत्र चालू असतं. आणि पुढच्या वेळी मी हे मासा आरीना मळून दाखवते, तोवर पाकिटाचा फोटो काढून मला पाठवा, मी बघून सांगते कुठलं आहे ते.